किती देते?

हिंजवडीच्या वाटेवर, भूमकर चौकाच्या अंडरपासमध्ये माझ्या पुढे जी गाडी उभी असते, तिचा मी गेली दोन वर्षं बारकाईने अभ्यास करतो आहे. गाडी रोज वेगळी, पण पाठ सगळ्यांची सारखीच. काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद', त्याखाली कंपनीचं नाव, त्याखाली नंबर आणि सगळ्यात खाली, कोपऱ्यात, एक नळकांडं. यातला आशीर्वाद आत बसलेल्यांना मिळतो, नळकांडं माझ्या वाट्याला येतं. सकाळी नऊ ते साडेनऊ आम्ही दोघं समोरासमोर असतो. ते सोडतं, मी घेतो.

मी स्वतः काही सोडत नाही. म्हणजे माझी गाडी सोडत नाही. ती विजेवर चालते. हिरवी नंबरप्लेट, तिच्यावर पांढरी अक्षरं. पीयूसीसुद्धा लागत नाही. पहिल्या महिन्यात मला हे ठाऊक नव्हतं म्हणून सवयीने पीयूसीच्या टपरीवर गेलो, तर तिथला पोरगा हातात नळी घेऊन गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घालून आला आणि म्हणाला, "साहेब, घालू कुठं?"

हिंजवडीत विजेची गाडी घेतलेल्या माणसाला दिवसातून तीनदा तरी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. सिग्नलला शेजारच्या गाडीची काच खाली येते, लिफ्टमध्ये कुणीतरी मान वळवतं, कँटीनमध्ये ताट घेऊन कुणीतरी समोर बसतं. "किती देते?"

प्रश्न जुना आहे. आपल्याकडे तो आधी म्हशीबद्दल विचारत. म्हशीवरून तो लूनावर आला, लूनावरून चेतकवर आणि तिथून मारुतीवर. लूना आणि चेतक दोघीही पुण्याच्या, दोघीही १९७२ सालच्या. त्यामुळे पुण्यात 'किती देते'चं उत्तर दशांशचिन्हासह देता आलं नाही, तर गाडी मेव्हण्याची मागून आणली असावी असा संशय घेतात. आता चेतक २०२०मध्ये आणि लूना २०२४मध्ये विजेवर परत आली. प्रश्न मात्र अजून म्हशीपाशीच आहे.

आमच्या घरात तर तो वडिलोपार्जित. आमचे आण्णा एसटीत ड्रायव्हर होते, कराड डेपोला. एसटीत 'केपीटीएल' नावाचं एक प्रकरण असतं: दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली याचा हिशेब. इतरांच्या घरी वडील मुलाचे मार्क विचारत, आमच्या घरी आई वडिलांचा केपीटीएल विचारायची. तो घसरला की आण्णा जेवताना बोलत नसत. त्यामुळे मी विजेची गाडी घेतो म्हणाल्यावर आण्णा पहिल्यांदा काय म्हणाले असतील हे सांगायची गरज नाही.

शोरूममधल्या मुलाने कागदावरचा आकडा सांगितला होता, तीनशेच्या वरचा. खरा आकडा विचारल्यावर त्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "सर, दोनशे धरून चला." मी तोच आकडा आण्णांना सांगितला.

"दोनशे कशाला? दोनशे लिटरला?"

"नाही आण्णा, एकदा चार्ज केल्यावर."

"आणि मग?"

"मग परत चार्ज करायची."

आण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी मोबाइल हाय."

पहिल्यांदा गाडीत बसवलं तेव्हा त्यांनी सीटबेल्ट लावला, हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत राहिले. मी बटण दाबलं. डॅशबोर्डवर दिवे लागले. अर्धं मिनिट गेलं.

"चालू कर की."

"चालूच आहे."

"आरं, चालू कर."

पस्तीस वर्षं इंजिनाच्या आवाजावरून त्याला कुठं दुखतंय ते ओळखणाऱ्या माणसाला, निरोगी गाडी अशी गप्प असते हे पटेना. शेवटी मी गाडी हलवली, तेव्हा त्यांनी डॅशबोर्डला हात लावून नमस्कार केला. तो गाडीला होता की स्वतःच्या जिवासाठी, ते मी विचारलं नाही.

त्यांचं मत बदललं ते एसटीमुळे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली, हे आमच्या घरात शिवजयंतीच्या तारखेइतकं पाठ आहे. १ जून २०२२ला त्याच मार्गावर 'शिवाई' नावाची एसटीची पहिली विजेची बस सुटली. मी त्याची जुनी बातमी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "एसटीनं घेतली म्हंजी गाडी आसंल."

पुढे आम्ही कराडला गेलो. खंबाटकी उतरताना मी पाय उचलला आणि बॅटरीचा आकडा एका टक्क्याने वाढला. गाडी उतारावर असली किंवा ब्रेक लावला की मोटर उलटी कामाला लागते, चाकांची धाव विजेत बदलते आणि वीज बॅटरीत परत जाते. हे समजावून सांगितल्यावर आण्णांनी वळून घाटाकडे पाहिलं. आयुष्यभर हा घाट त्यांनी ब्रेक तापवत उतरला होता. "आमचं सगळं ह्या दगडांतच गेलं म्हण की," ते म्हणाले, आणि कराड येईपर्यंत परत काही बोलले नाहीत. केपीटीएल घसरल्यासारखे.

असो. कराड वर्षातून चारदा. रोजचं काय?

रोजचं असं, की मी वाकडला राहतो आणि ऑफिस हिंजवडीच्या फेज थ्रीला. अंतर नऊ किलोमीटर. नऊ जायचे, नऊ यायचे. दोनशे किलोमीटर जाणारी गाडी पुरेल का, या काळजीने ज्यांना झोप लागत नाही, त्यांची ऑफिसंही तेवढ्याच अंतरावर आहेत. माणसं बालेवाडीहून येतात, रावेतहून येतात, पिंपळे सौदागरहून येतात आणि विचारतात, "पण समजा अचानक नागपूरला जायचं झालं तर?" दोन वर्षांत मी अचानक नागपूरला गेलेला एकही माणूस पाहिला नाही. अचानक जाणारी माणसं फार तर लोणावळ्याला जातात, आणि तिथे पोचली की चिक्की घेऊन परत येतात.

हिंजवडीच्या गाडीची खरी कसोटी वेगळी आहे. माझ्या त्या नऊ किलोमीटरला सकाळी सव्वा तास लागतो. गाडी त्यात प्रत्यक्ष चालते वीस-बावीस मिनिटं. बाकीचा वेळ ती भूमकर चौकात उभी असते, शिवाजी चौकात उभी असते, विप्रो सर्कलला उभी असते आणि मेगापोलिसच्या अलीकडे, सर्कल दिसायला लागल्याच्या आनंदात, परत उभी असते. मग ऑफिसच्या पार्किंगमध्ये नऊ तास उभी राहते. संध्याकाळी हेच उलट क्रमाने. रात्री सोसायटीत उभी. दिवसाचे चोवीस तास मांडून पाहिले तर ही वस्तू आपण चालवण्यासाठी घेतो, असं म्हणवत नाही.

आता उभी राहिलेली पेट्रोलची गाडी काय करते? पेट्रोल पिते. एसी लावून तासभर जागच्या जागी उभी ठेवली तर साधारण पाऊण ते एक लिटर. पेट्रोल शंभरच्या पुढे. म्हणजे शिवाजी चौकात एक तास उभं राहायचं भाडं पाऊणशे ते शंभर रुपयांच्या पुढे. उभी राहिलेली विजेची गाडी काय करते? काही नाही. मोटर बंद. एसी तेवढा चालतो, त्याला तासाला एखादा युनिट. माझी बॅटरी तीस युनिटची. परवा सिग्नलला एका गृहस्थांनी काच खाली केली आणि विचारलं, "किती देते?" मी म्हणालो, "तीस तास." ते गोंधळले. मी समोरच्या रांगेकडे बोट दाखवलं. ते समजले. काच वर करताना त्यांच्या चेहऱ्यावर, तीस पुरतील का, अशी खरीखुरी शंका होती.

आणखी एक. पेट्रोलच्या गाडीचं अॅव्हरेज हायवेला चांगलं आणि ट्रॅफिकमध्ये कपाळाला हात लावण्यासारखं. विजेच्या गाडीचं उलट. हायवेला शंभरच्या वेगाने हाकली की ती वारा कापण्यातच वीज उडवते, आणि गावात हळूहळू, थांबत-थांबत नेली की खूश असते. दर ब्रेकला थोडी वीज परत येते. पीएमटीचा कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचा आणि आपण ती कधीच घ्यायचो नाही, ते आठवतं? ही गाडी जागच्या जागी सुट्टे परत देते. थांबत-थांबत जाण्याच्या बाबतीत हिंजवडी कुठे आहे, हे मी सांगायला नको. हे गाव जणू या मोटरीसाठीच बसवलं आहे, फक्त बसवणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.

गाडी घेणं त्यामुळे सोपं गेलं. अवघड गेली ती वायर.

माझ्या पार्किंगच्या खांबापासून मीटरच्या खोलीपर्यंत अंतर बावीस मीटर. वेगळं मीटर घेणार मी, बिल भरणार मी, वायरचे पैसे माझे. सोसायटीने फक्त 'हरकत नाही' एवढंच लिहून द्यायचं होतं. मी अर्ज दिला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. सेक्रेटरींनी तो वाचला आणि मनापासून हळहळले. "अहो, थोडं आधी नाही का यायचं? एजीएम तीस सप्टेंबरला झाली."

"कमिटीच्या मीटिंगमध्ये नाही का होणार?"

"होईल की. पण कमिटी म्हणेल, एजीएमला ठेवा."

ते अकरा महिने मी सार्वजनिक चार्जरवर काढले. माझ्या मोबाइलमध्ये त्या काळातली पाच अॅप अजून आहेत आणि प्रत्येकात शंभर-दोनशे रुपये अडकलेले आहेत. पेट्रोल भरायला कुणी आधी पंपवाल्याकडे अनामत ठेवत नाही, चार्जरवाल्याकडे ठेवावी लागते. बऱ्याचदा चार्जर चालू असे, पण त्याच्यापुढे एखादी दांडगी डिझेल गाडी आरामात उभी असे. हॉर्न वाजवला की आतला दादा म्हणे, "दोन मिनिटं, चहा घेऊन आलोच." चार्जरला तो आपला पार्किंगमधला सुशोभित खांब समजत असावा.

शेवटी एजीएम आली. माझा विषय क्रमांक अकरा: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. अकरा महिने जुना विषय आयत्या वेळी आला. त्याच्या आधी टँकरच्या बिलावर दीड तास गेला, लिफ्टमधून कुत्रा न्यावा का यावर चाळीस मिनिटं, आणि गणपतीच्या वर्गणीवर समोसे थंड होईपर्यंत. मग मी उभा राहिलो.

खजिनदार म्हणाले, "कॉमन मीटरवर लोड येईल."

मी म्हणालो, "मीटर वेगळं आहे."

"तरी येईल."

"कसा?"

"लोड म्हटल्यावर येणारच हो."

मग सी विंगचे एक काका उठले. निवृत्त बँक अधिकारी, हातात मोबाइल. त्यात कुठल्याशा देशात कुठल्याशा बेसमेंटमध्ये बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ होता. तो त्यांनी पहिल्या रांगेला दाखवला, दुसऱ्या रांगेला दाखवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काडी लावली होती. मी तयारी करून आलो होतो. म्हणालो, "काका, आपल्या बेसमेंटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या साठ गाड्या आहेत. प्रत्येकीत चाळीस लिटर धरा. आपण सगळे रोज रात्री चोवीसशे लिटर इंधनावर झोपतो."

सभेत क्षणभर शांतता पसरली. साठ कुटुंबांनी मनातल्या मनात आपापल्या पलंगाखाली डोकावून पाहिलं. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात काका शांतपणे म्हणाले, "ते पेट्रोल ओळखीचं आहे."

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

अध्यक्षांनी मग शेवटचं अस्त्र काढलं. "हे बघा, एकाला दिलं की उद्या सगळे मागतील." आता, सगळ्यांनी मागावं म्हणून तर महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये धोरण आणलं होतं. २०२५पर्यंत नव्याने नोंदल्या जाणाऱ्या वाहनांपैकी दहा टक्के विजेची असावीत, असं त्यात लिहिलं होतं. २०२५मध्ये त्याहून मोठं धोरण आलं. १,९९३ कोटी रुपयांची तरतूद, पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, अटल सेतूवर, समृद्धीवर टोलमाफी. मंत्रालयापासून निघालेली ही एवढी मोठी गंगा वाकडपर्यंत व्यवस्थित वाहत आली आणि आमच्या मीटरच्या खोलीबाहेर, बावीस मीटर अलीकडे, अडली.

तिला वाट करून दिली बी विंगच्या काकूंनी. त्या पहिल्या मजल्यावर राहतात, पार्किंगच्या तोंडाच्या बरोबर वर. सभेत त्या कधी बोलत नाहीत, स्वेटर विणत बसतात. सुई न थांबवता त्या म्हणाल्या, "रोज सकाळी साडेआठला तुम्ही सगळे माझ्या खिडकीखाली गाड्या गरम करत उभे राहता. तुळशीची पानं पुसली तर फडकं काळं होतं. नातवाला खोकला आहे म्हणून खिडकी लावते, तर घरात कोंडतं. ह्याची गाडी कधी गेली ते मला कळतच नाही. द्या बाई त्याला वायर."

ठराव मांडला गेला. सूचक काकू. अनुमोदन कुणी द्यावं, तर ओळखीच्या पेट्रोलवाल्या काकांनी. सभा संपल्यावर खाली भेटले तेव्हा हळूच म्हणाले, "मुलाने चेतक बुक केलीय हो. त्यालाही वायर लागेलच." अध्यक्षांची भीती खरी ठरली. सगळे मागायला लागले आहेत.

घरातल्या बाईला आधी कळतं, ही परंपराही बरीच जुनी. हेन्री फोर्डने पेट्रोलच्या गाड्या बनवून जगभर पसरवल्या, पण त्याची बायको क्लारा मात्र डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या दुसऱ्या कंपनीची विजेची गाडी चालवायची. नवऱ्याच्या गाडीचा आवाज नको, वास नको, हँडल मारणं नको. रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तोही १८९९ साली, एका विजेच्या गाडीने. मग १९१२मध्ये पेट्रोलच्या गाडीला बटणाने चालू होणारा स्टार्टर मिळाला आणि विजेच्या गाड्या हळूहळू मागे पडल्या. त्या स्टार्टरमध्ये काय होतं? विजेची मोटर. भाऊबंदकीची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आता हुशार लोकांचा मुद्दा. हिंजवडीत हुशार लोक दर चौरस फुटाला एक आहेत. ते विचारतात, "पण वीज कोळशाचीच ना?" हो, बरीचशी कोळशाचीच. हा प्रश्न मला कँटीनमध्ये आमच्या टीममधल्या चंद्रपूरच्या सहकाऱ्याने विचारला, तेव्हा उडवून लावता आला नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे आणि या सहकाऱ्याचं बालपण त्याच्या चिमण्या बघत गेलं आहे.

"म्हणजे तुमचा धूर आमच्याकडे पार्सल करून राह्यले का भाऊ?"

मी म्हणालो, की तसं पूर्ण नाही. वीज उन्हाचीही आहे, कोयनेच्या पाण्याचीही आहे आणि त्यांचा वाटा वाढवता येतो. पेट्रोलच्या गाडीला ऊन पाजता येत नाही. शिवाय चिमणी एक असते, तिच्यावर यंत्रणा बसवता येते. भूमकर चौकातल्या हजार नळकांड्यांवर काय बसवणार?

"मग बसवा न," तो म्हणाला. "चिमणीवर बसवा न मग."

त्याचं बरोबर आहे. माझी गाडी चौकात स्वच्छ असणं आणि तिची वीज स्वच्छ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी अजून अर्धवटच आहे. त्यावर एक उपाय आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये नऊ तास उभा असतो. सूर्य डोक्यावर असताना गाड्या तिथे रिकाम्या उभ्या असतात आणि संध्याकाळी ऊन गेल्यावर सगळे घरी जाऊन प्लग लावतात. २०२५पासून महाराष्ट्रात दिवसाच्या विजेला सवलतही मिळायला लागली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. हीच आमची ऑफिसची वेळ आहे. म्हणजे कागदावरची. आमच्या ऑफिसात चार्जर किती? चार. एक बंद आहे.

पावसाचंही विचारतात. जून २०२५च्या पावसात हिंजवडीचे रस्ते ओढ्यासारखे वाहिले, तेव्हा आण्णांचा फोन आला. "करंट बसंल. उतर गाडीतनं." मी सांगितलं, की बॅटरी सीलबंद असते, आयपी ६७ म्हणजे मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल अशी तपासलेली असते. आण्णा म्हणाले, "आणि अर्ध्या तासात तुमच्या तिथला सिग्नल सुटतोय व्हय?" माणूस निवृत्त झाला तरी रस्त्याचा अंदाज सुटत नाही.

एवढं सगळं करून हवा स्वच्छ झाली का? पाषाणच्या आयआयटीएमची 'सफर' ही हवा मोजणारी यंत्रणा आहे. पुण्यातल्या तिच्या केंद्रांपैकी एक भूमकर नगरला आहे, म्हणजे मी उभा असतो तिथून हाकेच्या अंतरावर. मी अधूनमधून त्याचा आकडा बघतो. माझ्या एका गाडीने तो हलत नाही. हलेल अशी अपेक्षा करणंही बरं नव्हे. विजेच्या गाडीने धूर जातो, धूळ जात नाही. इथे माणकडून येणारे काँक्रीट मिक्सर आहेत, खोदलेले रस्ते आहेत, टायर आहेत, आणि टायर माझ्या गाडीचेही झिजतात. बॅटरीमुळे गाडी जड, म्हणजे थोडे जास्तच. ब्रेकची धूळ तेवढी कमी, कारण निम्मं काम मोटर करते. आणि ट्रॅफिक? विजेच्या गाडीने ट्रॅफिकमधली एक गाडी कमी झाली नाही, एका गाडीचा रंग बदलला.

ट्रॅफिक कमी करायचं तर उपाय डोक्यावरून जातो. माण ते शिवाजीनगर मेट्रो, तेवीस किलोमीटर, तेवीस स्थानकं. तिचं भूमिपूजन डिसेंबर २०१८मध्ये झालं आणि जुलै २०२५मध्ये चाचणीची गाडी रुळांवरून गेली. त्या काळात मी खाली उभा राहून ते खांब मोजत असे. मेट्रोही विजेचीच, आणि ती दुसरा कुणीतरी चालवतो. त्याहून चांगली विजेची गाडी मला माहीत नाही.

आणि खरं तर या रस्त्यावरचं बिनधुराचं पहिलं वाहन ना माझं, ना मेट्रोचं. दर वर्षी हनुमान जयंतीला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड जातं. बैल जुंपलेलं, पाठीला गळ लावलेला गळकरी वर, भंडारा उधळत गाव मागे. त्या दिवशी वाहतूक वळवतात. लोक दोन्ही बाजूंना हात जोडून उभे असतात. माझा रस्ता तोच, दिशा तेवढी उलटी. त्यांचा गळकरी वर्षातून एकदा गळ लावून घेतो आणि देवाच्या दारी पोचतो. आम्ही आठवड्यातून पाच दिवस लावून घेतो आणि स्टँडअप मीटिंगला उशिरा पोचतो.

दोन वर्षांनंतर मला एका गोष्टीचा हिशेब लागला आहे, तो कुठल्या शोरूममध्ये सांगत नाहीत. विजेची गाडी घेतली की स्वच्छ हवा मिळते ती मागच्याला. माझ्या मागे भूमकर चौकात जो उभा असतो, तो काच खाली करून, हात बाहेर टेकवून, गाणं ऐकत बसतो. पैसे मी भरले, अकरा महिने पाच अॅप मी सांभाळली, ओळखीच्या पेट्रोलचा अपमान मी सोसला, आणि श्वास तो घेतो. माझ्या नाकाशी येतं ते पुढच्याचं. 'किती देते' हे सगळे विचारतात, 'कुणाला देते' हे कुणी विचारत नाही.

म्हणून हा लेख. तो माझ्या मागच्यासाठी नाही, त्याचं बरं चाललं आहे. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी भूमकर चौकाच्या अंडरपासमध्ये, डाव्या रांगेत, काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' असलेल्या गाडीत जे कुणी बसलेले असाल, त्या तुम्हाला हात जोडून विनंती आहे: पुढची गाडी विजेची घ्या. सोसायटीत अर्ज आजच द्या, एजीएम तीस सप्टेंबरच्या आत उरकतात. आणि तोवर सिग्नलला इंजिन बंद करा. सुटायला अजून अकरा मिनिटं आहेत, मी मोजली आहेत.